एका महिन्याची जोडी

मी आर्टिलरीत अठरा वर्षं नोकरी केली. हवालदार म्हणून बाहेर पडलो. लोकांना मी फौजी आहे हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: लढाई पाहिली का? दुसरा: माणूस मारला का? पहिल्याचं उत्तर मी चहा होईपर्यंत देतो. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं देत आलो, आणि हल्ली ते देताना जीभ अडखळते. माझ्या हुकमाखालचा एक माणूस सीमेवर नाही, नाशिकला अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर गेला. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी.

पण सुरुवात सीमेवरूनच करावी लागेल, कारण चूक मी तिथूनच बरोबर आणली.

माझी दुसरी पोस्टिंग काश्मीरमध्ये होती. मी गनर, वय बावीस, डोकं गरम. माझ्याच तोफेवर नंदलाल नावाचा राजस्थानचा गनर होता. एका सकाळी इन्स्पेक्शनमध्ये त्याने सांगून टाकलं की तोफेच्या ब्रीचला तेल मी दिलेलं नाही. खरंच दिलं नव्हतं. मी त्याला धक्का मारला, त्याने मला मारला. दोघांना बॅटरी हवालदार मेजरपुढे उभं केलं. ते दाढी करत होते. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"एक तंबू. एक थाली. एक महीना. लड़ना है तो खाते-खाते लड़ो."

झालं. ड्यूटी एकत्र, झोप एकत्र, एका ताटात जेवण. पहिले आठ दिवस आम्ही ताटाच्या दोन कडांनी जेवलो. बाराव्या दिवशी मला ताप भरला आणि माझी पहाऱ्याची ड्यूटी त्याने न सांगता केली. महिना संपला तेव्हा हवालदार मेजरनी विचारलं, वेगळं व्हायचंय का? आम्ही दोघं एकदम नाही म्हणालो. आमच्या बॅटरीत भांडणाला हेच औषध होतं आणि ते लागू पडायचं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गन पोझिशनवर शेल पडला. मी पाणी आणायला दोनशे पावलं खाली गेलो होतो. नंदलाल तोफेवर होता. त्याचं नाव युनिटच्या स्मृतिशिळेवर आहे, वरून चौथं.

रिटायर झालो, नाशिक रोडला दोन खोल्यांचं घर घेतलं. गाव नामपूर, पण शेतीत मन रमेना. मला रिकामं बसवतच नाही, घरात येरझारा घालतो म्हणून बायको वैतागलेली. तेव्हा अंबडच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची जागा मिळाली. बावीस गार्ड, तीन शिफ्ट, दोन गेट. मी सगळं फौजी पद्धतीने बसवलं. दर अर्ध्या तासाला वॉकीटॉकीवर रिपोर्ट. गेटवर घटनेचं रजिस्टर. नियम एकच: जे पाहिलं ते लिहायचं, ज्याचं असेल त्याचं लिहायचं. गार्ड माझ्या पाठीमागे म्हणायचे, हवालदारसाहेब कारखान्याला पाकिस्तान बॉर्डर समजतात. म्हणू देत, मला त्याचं काही नव्हतं.

तुळशीराम गावित सुरगाण्याकडचा. चौतिशीचा, बारीक, कमी बोलणारा. अक्षर असं की रजिस्टर वाचताना बरं वाटावं. तो नियम पाळायचा, कारण मी सांगितला होता. एक दिवस त्याने रजिस्टरला लिहिलं: 'विलास बोडके पोस्ट सोडून चाळीस मिनिटे बाहेर होते.' विलास बोडके त्याच्याच गेटवरचा. उंच, देखणा, सात वर्षं जुना गार्ड, शिफ्ट इन्चार्ज व्हायच्या बेतात. मॅनेजमेंटने रजिस्टर पाहिलं, विलासला मेमो दिला, इन्चार्जची जागा दुसऱ्याला गेली.

विलास माझ्याकडे आला. लाल झाला होता.

"साहेब, जंगलातून काल आलेला माणूस माझ्यावर रिपोर्ट लिहितो?"

"तू बाहेर होतास की नाही?"

"पोराची फी भरायला गेलो होतो. पण—"

"मग त्याने खरं लिहिलं. आणि जंगलबिंगल पुन्हा तोंडातून काढलंस तर दुसरा मेमो मी देईन. समजलं?"

समजलं नव्हतं. गेटवर दोघांची रोज कुरबुर. एकदा तर ट्रकवाल्यांसमोर कॉलर धरली. मी दोघांना ऑफिसात उभं केलं. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, एकाला दुसऱ्या गेटला टाका, संपलं. सरळ गोष्ट होती. दोन मिनिटांचं काम. पण मला वाटलं, हा पळपुटेपणा. माझ्याकडे औषध होतं ना!

"आजपासून फर्स्ट शिफ्ट, मेन गेट, तुम्ही दोघंच," मी म्हणालो. "डबा एकच उघडायचा, दोघांनी खायचा. एक महिना."

विलास म्हणाला, "साहेब, आमचं नाही जमणार."

मी म्हणालो, "माझंही जमलं नव्हतं," आणि त्यांना नंदलालची गोष्ट सांगितली. अगदी रंगवून सांगितली. गावित मान हलवत ऐकत होता.

एकोणिसाव्या दिवशी, शिफ्ट सुटताना, गावित माझ्या टेबलाशी आला. अर्धा फुलस्केप कागद, चार घड्या घातलेला. उभ्या उभ्या वाचला. लिहिलं होतं की विलास बोडके यांनी केबिनमधल्या कपाटामागे लोखंडी टॉमी आणून ठेवली आहे. काल ती दाखवून 'एक दिवस तुझं डोकं फोडतो' असं म्हणाले. तरी माझी ड्यूटी बदलून द्यावी ही विनंती. टॉमी म्हणजे ट्रकचं चाक काढायची पहार. खाली तारीख, सही. त्याखाली दोन बोटं जागा सोडलेली, माझ्या शेऱ्यासाठी. हेही मीच शिकवलेलं.

"घाबरलास?"

"नाय साहेब. घरून म्हणतात, लिहून द्या."

"अरे, बोलणारा मारत नसतो. अकरा दिवस राहिले. काढ एवढे. महिना झाला की तूच म्हणशील, हाच जोडीदार हवा."

"बरं साहेब," तो म्हणाला. सॅल्यूट केला. गार्डांमध्ये तो एकटाच नीट सॅल्यूट करायचा.

युनिफॉर्म उतरवून मी घरचा शर्ट चढवला होता; कागद त्याच्या वरच्या खिशात ठेवला. कपाटामागे पाहायला गेलो नाही. अठरा वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या पलंगाखालची धूळ बोटाने तपासली, तो शंभर पावलांवरचं कपाट पाहायला गेला नाही. दुसऱ्या दिवशी विलासला एवढंच म्हटलं, "केबिनमध्ये काय लोखंड पडलंय ते काढून टाक." तो हो म्हणाला.

तेविसावा दिवस. सहाला शिफ्ट लागली. साडेसहाला दोघांना पाहून आलो; दोघं आपापल्या जागी. अकराला रिपोर्ट आला.

"मेन गेट टू कंट्रोल. ऑल ओके. ओव्हर." गावितचा आवाज.

अकरा वीसला सेट पुन्हा वाजला. वेळ रिपोर्टची नव्हती.

"साहेब, गेटवर या." विलासचा आवाज. पुढे 'ओव्हर' नाही.

मी धावलो. गेटबाहेर मालाचा ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. केबिनमध्ये गावित जमिनीवर, कपाटाला डोकं लागून. डबा उलटा झालेला, नागलीची भाकरी फरशीवर. विलास खुर्चीत बसला होता. टॉमी त्याच्या पायाशी.

"शस्त्र खाली ठेव," मी ओरडलो. हात त्याचे रिकामे होते. सवयीने तोंडातून गेलं.

"साहेब, मी केलं," तो म्हणाला. "सांगितलं होतं तुम्हाला, नाही जमणार."

मी गावितची नाडी पाहिली. मानेला पाहिली, मनगटाला पाहिली. युनिफॉर्मचा शर्ट काढून त्याच्या डोक्याला दाबून धरला. ॲम्ब्युलन्स अकरा चाळीसला आली. हॉस्पिटलच्या दारातच डॉक्टरांनी मान हलवली. मला राग कोणाचा आला सांगू? विलासचा नाही. त्या ट्रक ड्रायव्हरचा. माणूस पडलेला आणि हा हॉर्न मारतोय. दिवसभर तो हॉर्नच डोक्यात होता.

संध्याकाळी पोलीस निरीक्षकांनी जबाब घेतला. भांडण होतं हे मी सांगितलं. मेमोचं सांगितलं.

"त्याने काही तक्रार दिली होती? लेखी?"

खिसा छातीला टोचत होता. गावितच्या रक्ताचा शर्ट पोलिसांनी घेतला होता, पण तो ड्यूटीचा युनिफॉर्म होता. कागद घरून घालून येतो त्या शर्टात होता, आणि तोच आता अंगावर होता.

"लेखी काही नाही," मी म्हणालो.

तीन शब्द. का म्हणालो? भ्यालो, दुसरं काय! नोकरी, अब्रू, पेपरात नाव. फौजी माणूस भ्याला, लिहून ठेवा.

मग तारखा सुरू झाल्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; मी तर साक्षीदार, बोलावल्याशिवाय जायचं कारणच नव्हतं. तरी जायचो. घरी बसवेना. सीबीएस बस स्टँडला उतरायचं, जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. एकशे चार पावलं. त्या टोकाला बाकावर गावितची बायको सुमन बसलेली असायची. मांडीवर कापडी पिशवी. ती प्रत्येक तारखेला यायची. मी बाकाच्या अलीकडे दहा पावलांवरून वळायचो. पावणेदोन वर्षं मी तसा वळलो.

विलासला पोलीस आणायचे. वाळला होता. एकदा त्याने मला पाहून 'जय हिंद साहेब' म्हटलं. मी मान खाली घातली.

साक्ष जवळ आली तेव्हा सरकारी वकील मॅडमनी मला बोलावलं. बाई स्पष्ट बोलणाऱ्या.

"हवालदार, खरं सांगते. आरोपीचे वकील म्हणणार, जेवताना अचानक भांडण झालं, ट्रकवाल्याची टॉमी तिथे पडली होती, हाताला लागली. खुनाचा इरादा नव्हता. आपल्याकडे याला उलटं काही नाही. खून सुटेल, सदोष मनुष्यवध राहील. थोडी वर्षं काढून बाहेर येईल."

मी घरी आलो आणि गॅलरीत येरझारा घालायला लागलो. बायको भाजी निवडत होती. ती उठली, कपाटातून काढून तो कागद माझ्यापुढे धरला. तिला शर्ट धुताना पहिल्याच आठवड्यात सापडला होता. पावणेदोन वर्षं बाई बोलली नव्हती. ती चिडली की तिच्या तोंडी आमची अहिराणी येते; तिचं 'काब्र' म्हणजे 'कशाला'.

"हाऊ कागद काब्र ठेवेल शे? मानूस ते गया. आते कागदले तरी बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी दहाला मी कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. चष्मा काढला.

"हे पोलिसांना का नाही दिलं?"

"खोटं बोललो."

"यात तुम्ही अडकू शकता. कळतंय ना?"

"येस मॅडम."

पोलिसांनी पुरवणी जबाब घेतला. निरीक्षकांनी जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्यातला शब्दन् शब्द मला लागू होता. कारखान्याने मला त्याच आठवड्यात काढलं. कोर्टाने कागद दाखल करायला परवानगी दिली आणि अक्षर ओळखायला सुमनला साक्षीला बोलावलं. माझी साक्ष तिच्यानंतर, त्याच दिवशी. साक्षीदाराला आत बसू देत नाहीत. मी बाहेर चालत होतो.

अकराला ती आत गेली. अकरा पंचवीसला बाहेर आली. बाकावर बसली. मी या वेळी वळलो नाही. शेवटपर्यंत चालत गेलो आणि समोर सावधान उभा राहिलो. दुसरं काय करावं सुचलं नाही.

"बसा," ती म्हणाली.

"ताई, माफी मागायला तोंड नाही. अर्ज त्याने दिला होता. मी—"

"मला माहीत आहे. मीच लिहायला लावला होता. घरी आल्यावर विचारलं, दिला का? म्हणाले, दिला. साहेब म्हणाले अकरा दिवस काढ. मी म्हटलं, पुन्हा जा. तर म्हणाले, फौजी माणूस आहे, त्यांनी हे आधी करून पाहिलंय. त्यांचं चुकत नाही."

मी खाली पाहत होतो. फरशीचे तुकडे मोजत होतो, खोटं कशाला सांगू.

"पोलिसांना मी सांगितलं होतं अर्जाचं. ते म्हणाले, सुपरवायझर म्हणतात असा अर्ज आलाच नाही." ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. "मला तुमचंच खरं वाटलं, साहेब. मला वाटलं, ह्यांनी दिलाच नाही. भिऊन तसाच परत आणला असेल आणि माझ्याशी खोटं बोलले. पावणेदोन वर्षं मी मेलेल्या माणसावर चिडून होते. पोरीला सुद्धा म्हणाले एकदा, तुझा बाप हिमतीचा असता तर जगला असता."

आतून शिपायाने माझं नाव पुकारलं.

"आज कागद हातात दिला तेव्हा कळलं," ती म्हणाली. "जा तुम्ही. नीट सांगा आता."

मी नीट सांगितलं. दिवस, वेळ, कोण काय म्हणालं. विलास पिंजऱ्यातून माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे पाहूनच बोललो. मग आरोपीचे वकील उठले. शांत, वयस्कर गृहस्थ.

"सैन्यात अर्ज आला तर काय करतात?"

"शेरा मारून सही करून परत द्यावा लागतो. मंजूर किंवा नामंजूर."

"या अर्जावर तुमचा शेरा कुठे आहे?"

"नाही."

"का?"

"खिशात ठेवला."

"तुमच्या त्या हवालदार मेजरनी तुम्हा दोघांना एकत्र ठेवलं. नंतर ते काय करत?"

मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. "रोज संध्याकाळी रोल कॉलनंतर आमच्या तंबूत येऊन बसायचे," मी म्हणालो. "काही बोलत नसत. आमच्या ताटातला एक घास घ्यायचे आणि जायचे."

"तुम्ही त्या तेवीस दिवसांत यांच्या डब्याला किती वेळा बसलात?"

"एकदाही नाही."

"म्हणजे दोन माणसांना कोंडलं तुम्ही, आणि विसरलात."

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती मान्य केली. तरी मी उत्तर देऊन टाकलं. "येस सर," म्हणालो.

निकाल चार महिन्यांनी लागला. टॉमी निदान पाच दिवस आधीपासून कपाटामागे होती, धमकी आधी दिली होती, अर्ज विश्वासार्ह आहे. खून सिद्ध. जन्मठेप. माझ्याबद्दल न्यायाधीशांनी कडक ताशेरे मारले, ते मी उभं राहून ऐकले. विलासची आई मागच्या बाकावर रडत होती. मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. छे! बाहेर आलो आणि पाय पुन्हा व्हरांड्यात चालायला लागले. सुमन पोरीला घेऊन आली होती. माझ्यापासून लांब उभी राहून तिने पोरीला काहीतरी सांगितलं, हातातल्या निकालाच्या कागदाकडे बोट दाखवून. पोरगी ऐकत होती. मग त्या स्टँडकडे गेल्या.

आता मी नाशिक रोडच्या एका मोठ्या सोसायटीत आहे. चौदा गार्ड. नोकरी मागताना सगळं खरं सांगितलं. सेक्रेटरी म्हातारे रेल्वेवाले, मनमाडचे, त्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवलं. इथे डबा मी रोज कोणत्या ना कोणत्या गेटवर खातो. ऑफिसच्या भिंतीला मी एक स्टँडिंग ऑर्डर लावली आहे: जोडीदार बदलून मागितला तर त्याच शिफ्टला बदलायचा, कारण नंतर विचारायचं, अर्जावर शेरा तिथल्या तिथे. ऑर्डरला नाव दिलं, गावित ऑर्डर. गार्ड बदलत राहतात. नव्यांना नाव पाठ असतं, माणूस माहीत नसतो.

युनिटच्या स्मृतिदिनाला मी सकाळी अंघोळ करून दोन मिनिटं उभा राहतो. शिळा तिकडे लांब आहे. आधी नंदलालचं नाव घेतो. दुसरं नाव कुठल्या शिळेवर नाही, म्हणून ते जरा मोठ्याने घेतो.

यंदा त्याच दिवशी सकाळी सविता नावाची लेडी गार्ड ऑफिसात आली. रुजू होऊन तीन आठवडे झालेले. हातात कागद.

"साहेब, मला गावित पाहिजे."

मी कागद घेतला. पूर्ण वाचला. पेन काढलं, लिहिलं: मंजूर. वेळ सात वाजून दहा. सही केली आणि तिला दुसऱ्या गेटवर पाठवायला सेटवर कॉल दिला.

ती दारात थांबली. "साहेब, हे गावित कोण होते हो?"

"माझ्या गेटवर होते," मी म्हणालो. "त्यांनीही असाच अर्ज दिला होता. मी खिशात ठेवला."